डावीकडची सीट

फुलेवाडीचा नाका मागं पडला
तसे अण्णांनी चपला काढल्या
आणि उजवा पाय पुढं रोवला.
तिथं ब्रेक नाही, अण्णा.
"ठावं हाय," म्हणाले,
पाय तिथंच ठेवून.

एकतीस वर्षं कोल्हापूर–वैभववाडी.
मागं बाबूलाल मुजावर, खांद्याला चामड्याची पिशवी,
एक टोला थांब, दोन टोले चल.
आज मी चालवतेय
आणि केरबा ड्रायव्हर पहिल्यांदाच
डावीकडं बसलेत,
मांडीवर पाण्याची बाटली, पाहुण्यासारखे.

बालिंग्याच्या पुलावर गाडी हळू केली.
खाली भोगावतीत म्हशी,
नुसती शिंगं आणि नाकपुड्या वर,
आणि काठावर कुणीतरी गोधडी आपटतंय,
आवाज जरा उशिरानं येतोय.
"हितं पायऱ्या हाईत व्हय?"
मी काही बोलले नाही.
पूल त्यांचाच होता, दिवसातून दोनदा.

कळ्याच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर,
दोन ट्रॉल्या, मागं लाल फडकं, रस्ता सगळा त्याचा.
"एकच हॉर्न दे. दोन दिलं की माणूस इरंला पेटतो."
एक दिला. त्यानं हात हलवला.
मग गुऱ्हाळाचा धूर आडवा आला
आणि आम्ही उतरलोच.
गुळव्यानं काहिलीत बुडवून उसाची कांडी दिली.
अण्णांनी फुंकर मारत मारत चाटली,
मिशीला पाक लागला, मी सांगितलं नाही.

तिसंगीपासून डोंगर सरकत जवळ येतात.
भाताची खाचरं निम्मी कापलेली,
निम्मी वाऱ्यावर,
आणि वर सड्यावरचं गवत
म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीसारखं पिवळं.
मी बोट दाखवते तिकडं ते बघतात,
पण ओळख वेगळीच सांगतात:
"असळज म्हंजे दुधाची कॅनं.
ह्या वळणाला एक मास्तरीण चढायची,
सुट्टं पैसं नेमकं मोजून.
पळसंबे? दोन मिंटाचा थांबा.
कोण उतरायचं न्हाई."

आज आपण उतरू.

झाडीतून वाट खाली ओढ्याला गेली.
पाण्यात उभे दगड, आणि दगडांतून
कुणी कोरून काढलेली देवळं,
एवढीएवढीशी, जणू डोंगराला झालेली पोरं.
अण्णांनी एका भिंतीवर तळवा ठेवला,
टायर तापलाय का बघतात तसा.
"गार हाय," म्हणाले.
बराच वेळ हात काढला नाही.

गगनबावडा. चहा. धुकं चहाइतकंच गरम वाटावं
असा वारा.
करूळ घाटात तिसऱ्या की चौथ्या वळणाला
दरी डावीकडं आली.
कठड्याशी गाडी लावली. अण्णा उतरले.
खाली कोकण,
कौलांचे चार ठिपके, एक धुराची रेघ,
आणि आपलाच रस्ता
कुणी टाकून दिलेल्या सुतळीसारखा.

मला वाटलं, म्हणतील, किती छान.
ते कठड्याला पाठ लावून
खालीच बसले, रस्त्यावर.
पाय थरथरत होते.
"लै खोल हाय गं.
मी कधी बघितलंच न्हाई.
मागं पन्नास माणसं असायची,
नजर डांबरावर.
ही हितंच हुती व्हय, रोज?"

मी शेजारी बसले.
एक एसटी उतरत गेली,
तिच्या ड्रायव्हरनं आमच्याकडं बघितलं नाही.
बरोबर केलं त्यानं.

मग अण्णा उठले, धोतर झटकलं.
गाडी वळवायला जागा कमी होती.
ते मागं गेले, दरीकडं पाठ करून उभे राहिले,
पत्र्यावर थाप मारत:
येऊ दे. येऊ दे. येऊ दे. बास.

आत बसले. दार नीट लावलं.
पाक अजून मिशीला तसाच.
पाय या वेळी सीटवर, मांडी घालून.
काचेवर अंगठीनं
दोन टोले दिले.